बागेचा सल्ला : निळा हायड्रेंजिया गुलाबी का झाला?

नर्सरीतून आणला तेव्हा हायड्रेंजियाला गडद निळे गुच्छ होते. मोठ्या कुंडीत हलवला आणि यंदा फिकट गुलाबी फुलं आली. नर्सरीवाल्याने फसवलं का? (कोथरूड, पुणे)

नाही, रोप तेच आहे. बदलली ती माती. निळा रंग मातीतल्या अ‍ॅल्युमिनियममुळे येतो. माती आम्ल असली, म्हणजे सामू (पीएच) साधारण ५.५ च्या खाली असला, की अ‍ॅल्युमिनियम पाण्यात विरघळून मुळांना मिळतं आणि फुलं निळी होतात. सामू ६.५ च्या वर गेला की ते मातीतच अडकून बसतं आणि फुलं गुलाबी येतात. मधल्या पट्ट्यात जांभळट, किंवा एकाच झाडावर दोन्ही छटा. आपल्याकडची काळी माती चुनखडीची, तिचा सामू ७.५ ते ८.५. त्यात बोअरचं क्षारयुक्त पाणी घातलं की निळा रंग टिकणं कठीणच.

आधी एक सोपी परीक्षा करा. कुंडीतली चमचाभर माती वाळवून तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत चुना आहे. अशी माती सुधारत बसू नका, सरळ बदला. १२ ते १४ इंची कुंडीसाठी चार भाग जांभ्याची तांबडी माती, तीन भाग कुजलेला पालापाचोळा, दोन भाग धुतलेलं कोकोपीट आणि एक भाग पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) असं मिश्रण चालतं. मात्र 'लाल माती' म्हणून पोत्यातून जे मिळतं ते सगळं जांभ्याचं नसतं, तेव्हा व्हिनेगर तिच्यावरही टाकून पाहा. नवीन सिमेंटची कुंडी नको, तिच्यातून चुना झिरपत राहतो.

मग तुरटी. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम असतं आणि ती घरात असतेच. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर कुटलेली तुरटी पूर्ण विरघळवा. कुंडी आधी साध्या पाण्याने भिजवा आणि मग हे पाणी लिटरभर घाला. दर पंधरा दिवसांनी, तीन-चार वेळा पुरे. जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. हे सगळं कळ्या रंगायच्या आधी करायचं. उमललेला गुलाबी गुच्छ निळा होत नाही, परिणाम पुढच्या बहराला दिसेल. पाणी शक्यतो पावसाचं किंवा नळाचं घाला.

बहुतेकांचं चुकतं ते खतात. हाडांचं खत, सुपर फॉस्फेट, डीएपी यांतलं स्फुरद (फॉस्फरस) अ‍ॅल्युमिनियमला बांधून ठेवतं. राख आणि अंड्याची टरफलं सामू वाढवतात. निळा रंग हवा असेल तर हे सगळं बंद. लिंबू पिळण्याचा उपायही सांगितला जातो, पण त्याचा असर टिकत नाही. आणि पांढऱ्या जातींवर काहीच प्रयोग करू नका, त्या निळ्या होत नाहीत.

पाच वर्षांचं झाड आहे, पानांनी भरलेलं, पण फूल एकही नाही. दरवर्षी ऑक्टोबरात गुलाबाबरोबर छाटतो. (नाशिक)

तुमचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. गुलाब नव्या फुटीवर फुलतो. नेहमीचा मोठ्या पानांचा हायड्रेंजिया फुलतो तो आदल्या हंगामात वाढलेल्या फांदीवर. पावसाळा सरून रात्री थंडावू लागल्या की फांदीच्या टोकाला पुढच्या बहराच्या कळ्या धरतात, आणि ऑक्टोबरातली कात्री नेमकी तीच टोकं घेऊन जाते. नाशकात द्राक्षाची फळछाटणी चालू असताना हात शिवशिवतात हे कबूल, पण या झाडाला तेव्हा हात लावू नका.

छाटणी बहर संपल्याबरोबर, फार तर जुलैअखेर. सुकलेल्या गुच्छाखाली पहिली टपोऱ्या डोळ्यांची जोडी दिसेल, तिच्या वर कापा. खूप जुन्या, पेन्सिलीहून जाड झालेल्या फांद्यांपैकी दोन-तीन बुडापासून काढा म्हणजे नवी फूट येईल. नत्राचं (नायट्रोजनचं) खतही थांबवा. शेणखत, युरिया जास्त झालं की पानंच पानं होतात. 'एंडलेस समर' या २००४ साली बाजारात आलेल्या मालिकेतल्या जाती नव्या फुटीवरही फुलतात. छाटणीची चूक त्या बऱ्यापैकी पोटात घालतात.

ठाण्यात पश्चिमेकडच्या बाल्कनीत फुलेल का? (ठाणे)

रोपाबरोबर आलेला बहर दोन-तीन आठवडे टिकेल, दुसऱ्यांदा फुलण्याची खात्री देता येत नाही. कळी नीट धरायला सहा-आठ आठवडे १८ अंशांच्या खालचा गारवा लागतो, तो किनाऱ्यालगत सलग मिळत नाही. शिवाय पश्चिमेचं ऊन पानं भाजतं. हवंच असेल तर फुललेलं रोप आणून सावलीत ठेवा. नाहीतर मुसेंडा लावा. हायड्रेंजियासारखीच त्याचीही शोभा पाकळ्यांची नसून रंगीत निदलांची (पाकळ्यांखालच्या दलांची) असते, आणि उकाडा त्याला मानवतो.

दुपारी पानं माना टाकतात म्हणून दिवसातून दोनदा पाणी देते. आता खोड बुडाशी काळं पडलंय. (कोल्हापूर)

ही जास्त पाण्याने झालेली मूळकूज आहे. मोठ्या पानांतून दुपारी पाणी भराभर उडतं, मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतही पानं लोंबतात आणि संध्याकाळी आपोआप ताठ होतात. पाण्याचा निर्णय सकाळी घ्या: बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. झाडाला सकाळचं कोवळं ऊन तीन-चार तास आणि नंतर सावली मिळाली की दुपारचं लोंबणंही कमी होतं.

सध्याचं झाड वाचवणं अवघड आहे. वरच्या हिरव्या, फूल न आलेल्या फांद्यांचे चार-पाच इंची तुकडे लगेच घ्या. डोळ्याच्या जोडीखाली कापा, खालची पानं काढा, वरची दोनच ठेवून तीही अर्धी कापा. कोकोपीट आणि पर्लाइट समप्रमाणात घेऊन त्यात खोचा, वर पारदर्शक पिशवी घाला, ऊन लागू देऊ नका. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. जुन्या कुंडीतली माती यासाठी वापरू नका.

घरात कुत्र्याचं पिल्लू आहे, पानं चावली तर? (बेळगाव)

पानं आणि कळ्या विषारी आहेत. उलट्या, जुलाब होऊ शकतात. कुंडी उंचावर ठेवा, चावलंच तर पशुवैद्याला लगेच विचारा.