डोळ्याचं प्रेशर 24 आहे आणि बीपीची गोळीही चालू आहे. जिम आणि योगासनं बंद करावीत का?

व्यायाम बंद मुळीच करू नका, कोणता करताय ते मात्र बघा. मी डॉक्टर नाही, रोज काचबिंदूचे ड्रॉप्स टाकणारा साधा ठाणेकर आहे.

पहिलं म्हणजे, बीपी चढलं की डोळ्याचं प्रेशर चढलंच, असं नसतं. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून त्याचा निचरा होतो. प्रेशर मुख्यतः त्यावर ठरतं. साधारण 10 ते 21 ठीक धरतात.

भरभर चालण्यानं डोळ्याचं प्रेशर थोडा वेळ उतरतं. बीपीचा वरचा आकडा चालताना चढतो, पण नंतर काही तास नेहमीपेक्षा खाली राहू शकतो. त्यामुळे उपवनच्या तळ्याकाठी खुशाल चाला. घरी आल्यावर लिटरभर पाणी गटागटा पिऊ नका, त्यानंही डोळ्याचं प्रेशर वाढतं. घोट घोट प्या.

जिममध्ये खरी गोची श्वास रोखण्याची. डोळ्याचं प्रेशर मोजताना यंत्रावर हनुवटी टेकवली आणि निळा दिवा डोळ्याजवळ आला की आपण नकळत श्वास धरतो. मग तपासणारी मुलगी म्हणते, "काका, श्वास सोडा," कारण तेवढ्यानंही आकडा फुगतो. आता दात-ओठ खाऊन वजन उचलताना काय होत असेल बघा! बीपीचंही तेच: जड लेग प्रेस (पायांनी वजन ढकलणं) मारताना बॉडीबिल्डरांचा बीपीचा वरचा आकडा 300 च्या वर गेलेला मोजलाय. वजन हलकं घ्या, उचलताना श्वास सोडा.

शीर्षासन मात्र सोडाच. त्यात डोळ्याचं प्रेशर जवळपास दुप्पट होतं. आमच्या सोसायटीच्या योगवर्गात "डोळ्यांना तेज येतं" म्हणून ते आग्रहानं करायला लावतात. तुम्ही हात जोडून बाजूला बसा. हलासन, अधोमुख श्वानासन यांतही प्रेशर वाढतं, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना आसनांची नावं घेऊन विचारा. पोहायला हरकत नाही, फक्त डोळ्यांभोवती रुतणारा छोटा गॉगल नको.

काचबिंदूचे ड्रॉप्स टिमोलॉल या औषधाचे असतील तर नाडी मंदावू शकते, दमा असेल तर त्रासही होतो. चालताना चक्कर किंवा धाप लागली तर लगेच सांगा. आणि बीपीची गोळी रात्री घेत असाल तर तेही डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. झोपेत बीपी फार उतरलं तर डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसेला रक्त कमी पडतं. गोळीची वेळ स्वतःच्या मनानं बदलू नका, दोन्ही डॉक्टरांना विचारून ठरवा.