विचारा तर खरं : तलवार नव्हे, गवत

प्रश्न : काका, मुलीने बार्सिलोनाहून येताना माझ्यासाठी दोरीच्या तळव्याचे कापडी बूट आणले. त्यांना ‘एस्पाड्रिल’ म्हणतात म्हणे. आमचे मेहुणे सांगतात, स्पॅनिशमध्ये ‘एस्पादा’ म्हणजे तलवार. पूर्वी तलवारबाज हे बूट घालायचे, म्हणून हे नाव. मला काही पटत नाही. एका मस्तानीची पैज लागली आहे. शिवाय परवाच्या वळवात ते भिजले आणि आता त्यांना रेशनच्या पोत्यासारखा वास येतोय. काय करू? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : मस्तानी वसूल करा, ताई. त्या तलवारीचा या बुटांशी काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो गवताच्या काडीशी.

स्पेनच्या आग्नेयेकडच्या कोरड्या, उघड्या माळांवर ‘एस्पार्तो’ नावाचं चिवट गवत उगवतं. पाती भिजवायची, मोगरीने कुटायची आणि वळायची. दोर, चटया, टोपल्या सगळं त्यातून होतं. रोमन लोक त्याला ‘स्पार्तुम’ म्हणत, आणि हल्लीच्या कार्ताहेना बंदराभोवतीच्या मुलखाला तर त्यांनी या गवतावरूनच नाव दिलं होतं. बार्सिलोनाकडच्या कॅटलान भाषेत गवत ‘एस्पार्त’, म्हणून त्याची पायताणं ‘एस्पार्देन्या’. पिरेनीज डोंगर ओलांडून शब्द दक्षिण फ्रान्समध्ये गेला, आणि पुढे फ्रेंचांच्या तोंडी त्यातला ‘र’ टुणकन उडी मारून ‘द’च्या पलीकडे जाऊन बसला : ‘एस्पार्द’चं ‘एस्पाद्र’. आपण नाही का नुकसानचं नुसकान करत? ‘एस्पादा’चा भास होतो तो या उडीमुळे. तेव्हा मेहुण्यांना फार बोलू नका.

मजा अशी की खुद्द स्पॅनिश माणूस याला ‘अल्पार्गाता’ म्हणतो. त्यातला ‘अल’ अरबांचा, आपल्या अल्कोहोलमधलाच.

वस्तू मात्र नावाहून कितीतरी जुनी. ग्रानादाजवळ आल्बुन्योल गावच्या वटवाघळांच्या गुहेत १८५७ मध्ये खाणवाले शिरले, तेव्हा त्यांना एस्पार्तोच्या विणलेल्या चपला सापडल्या. अलीकडे त्यांचं वय तपासलं, तर सुमारे ६,००० वर्षं निघालं. कोरड्या हवेने राखल्या. आमच्या दुकानाच्या माळ्यावर तर चामड्याचा जोड चार पावसाळे काढत नाही.

आता तुमच्या बुटांचं. ३८ वर्षं मी चपला-बुटांच्या गल्ल्यावर बसलो. नव्वदच्या सुमारास एका घाऊक व्यापाऱ्याने अशा बुटांची अख्खी पेटी माझ्या गळ्यात मारली होती. पहिल्याच पावसात एक गिऱ्हाईक परत आलं. तळव्याच्या शेवया झालेल्या. पैसे परत केले आणि रात्री तो बूट उसवून बसलो. सुतळीची वेणी आडवी ठेवून, जिलबीसारखी गुंडाळत तळव्याचा आकार दिलेला, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार टाके. पोती शिवायचं दाभण हाताशी होतं, तेही त्यातून जाईना. व्यापाऱ्याने फक्त पैसे वाचवायला खालची रबराची पट्टी लावली नव्हती.

त्या वेणीत गवत नव्हतंच. एस्पार्तो केव्हाच मागे पडलं, नाव तेवढं राहिलं. आता तळवे बहुतेक जूटचे, आणि जूट आपल्या बंगालकडचं. पोत्याचा वास येतो तो खराच आहे, ताई. दोघांचं माहेर एकच.

या धंद्याचं फ्रान्समधलं मोठं गाव मोलेआँ, बास्क मुलखातलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथल्या कारखान्यांत शिवायला स्पेनच्या रोंकाल, आन्सो अशा डोंगरी खोऱ्यांतल्या पोरी यायच्या. थंडी पडायच्या आत पायी घाट ओलांडायचा, हिवाळाभर शिवायचं, वसंतात घरी. मिळकतीतून लग्नाचा संसार जमवायचा. त्यांना ‘गोलोंद्रिना’ म्हणत. गोलोंद्रिना म्हणजे भिंगरी, तो पक्षी. पायाला भिंगरी असलेल्या मुली, असं आपण सहज म्हणून गेलो असतो.

पुढे १९७० च्या दशकात फ्रेंच फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँसाठी कास्तान्येर या स्पॅनिश घराण्याने उंच टाचेचे एस्पाड्रिल बनवले आणि शेतकऱ्या-कोळ्यांचं पायताण फॅशनमध्ये गेलं. त्यात मला फारसा रस नाही.

भिजलेल्या जोडाला उन्हात टाकू नका, कापड आकसतं. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबा, बूट आडवे करून पंख्याखाली सावलीत ठेवा, कागद दोनदा बदला. दोन दिवस तरी लागतील; वरून कोरडा दिसला तरी वेणीच्या पोटात ओल राहते. वास तरीही राहिलाच, तर खायचा सोडा रात्रभर आत भुरभुरून सकाळी झटका. मग जूनच्या आत कपाटात, आणि दसऱ्याला बाहेर.