सहा डेसिबलची चूक आणि पुसलेल्या आयएसओ

तुम्ही लिहिलंय की भावाकडून साठेक एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आल्या, सगळ्या रिप करून, म्हणजे संगणकावर उतरवून झाल्या, पण पीसीएममध्ये, म्हणजे सीडीच्या डिजिटल रूपात, बदलल्यावर त्याच डिस्कवरच्या साध्या सीडी लेयरपेक्षा आवाज लहान आणि मेल्यासारखा वाटतो. +६ डीबीचा पर्याय चालू केला की एकदम जीव येतो. आता हार्ड डिस्क भरली म्हणून आयएसओ (अख्ख्या डिस्कच्या जशाच्या तशा प्रती) पुसून फक्त फ्लॅक (त्यांतून काढलेल्या गाण्यांच्या फाइल) ठेवायच्या आणि डिस्क विकून टाकायच्या, असा बेत आहे. कृपा करून आज रात्री काहीही पुसू नका. हे सगळं याच क्रमाने मी करून बसलोय, आणि त्यातलं काही आजतागायत भरून निघालेलं नाही.

रिप कशी करायची, जुना प्लेस्टेशन ३ कुठला आणि कुठले ब्लू-रे प्लेअर चालतात, यात मी शिरत नाही. ते तुम्हाला जमलेलंच आहे. कायद्याचं मात्र एकदा सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ए आलं. हक्कभंगाच्या हेतूने नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप तोडणं हा त्यात गुन्हा आहे. स्वतःच्या डिस्कची स्वतःच्या कानांसाठी केलेली प्रत यात कशी बसते ते वकीलच सांगू शकेल, मी वकील नाही. पण डिस्क विकायची आणि फाइल ठेवायची, हे कायद्याआधी मनालाच पटायला नको. मी ते केलं होतं आणि मला त्याची लाज वाटते.

माझं झालं ते असं. २०१३ ते २०१६ मी कंपनीच्या कामासाठी टोकियोत होतो, राहायला निशी-कासाईला. शनिवार आला की लोकल पकडून ओचानोमिझु नाहीतर शिंजुकू, आणि तिथल्या जुन्या डिस्कच्या दुकानांत तीन-तीन तास. जपानी माणूस डिस्क इतकी जपून वापरतो की दहा वर्षांची एसएसीडीही कोरी वाटते, कडेची कागदी ओबी पट्टीसुद्धा जागच्या जागी. तीन वर्षांत १४० च्या वर डिस्क जमल्या. परत यायची वेळ आली तेव्हा दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. बायकोने स्वयंपाकघराची एक बॅग आधीच भरलेली. मग मी रिप करत सुटलो. आयएसओतून फक्त स्टिरिओ काढायचा, +६ डीबी लावून २४ बिट, ८८.२ किलोहर्ट्झचा (२४/८८.२) फ्लॅक करायचा, ऐकायचा, छान वाटलं की आयएसओ पुसायची. शेवटच्या आठवड्यात नव्वदेक डिस्क विकून टाकल्या.

छान वाटायचं यात नवल नव्हतंच. सहा डेसिबल मोठ्याने लावलेलं काहीही छान वाटतं. त्या दिवसांत मी भेटेल त्याला ठासून सांगायचो की एसएसीडीचा बास भरदार असतो, तबकडी बदलली की खोलीच बदलते. माझ्या शब्दावर दोघांनी प्लेअर घेतले. आधी सीडी लेयर ऐकवायचा, मग माझी फुगवलेली फाइल. हातचा व्हॉल्यूम तसाच.

ते +६ डीबी येतं कुठून, ते बघा. एसएसीडीच्या स्कार्लेट बुक या नियमावलीत शून्य डेसिबल म्हणजे डीएसडीचं (एसएसीडीवरच्या एक-बिटी डिजिटल रूपाचं) पूर्ण मॉड्युलेशन नव्हे, निम्मं, म्हणजे ५० टक्के. म्हणून सरळ रूपांतर केलं की पीसीएममध्ये पातळी सहा डेसिबल खाली दिसते. यात दोष कसलाच नाही, नुसतं मोजमाप वेगळं आहे. पण त्याच नियमावलीत काही शिखरांना शून्याच्या वर ३.१ डेसिबलपर्यंत जायची मुभा आहे. तुम्ही डोळे झाकून सहा चढवलेत की त्या शिखरांना वर जागाच उरत नाही. शेंडे कापले जातात.

मला हे कळायला दोन वर्षं गेली. पुण्यात नवीन अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि महलरची सहावी सिंफनी लावली. तिच्या शेवटच्या भागात एक मोठा लाकडी हातोडा आपटतात. आधी तीन घाव होते, पुढे महलरने स्वतःच त्यातला तिसरा काढला. पहिल्या घावाला खोली हलायला हवी. माझ्याकडे नुसतंच कोरडं 'ठप्प' झालं, पाठोपाठ तुतारीत एक खरखर. अ‍ॅम्प्लिफायरवाल्याला दोनदा घरी बोलावलं, स्पीकर बदलून पाहिले. शेवटी एका रात्री फाइल ऑडॅसिटी या ध्वनी-संपादन प्रोग्रॅममध्ये उघडली, तो घाव मोठा करून पाहिला. लाटेचा माथा गोल असायला हवा, तो पट्टीने आखल्यासारखा सपाट. एक, दोन, तीन... ओळीने पंधरा-वीस नमुने एकाच आकड्यावर चिकटलेले. मग एकेक फाइल तपासत पहाट झाली. वाद्यवृंदाच्या निम्म्याहून जास्त डिस्कची हीच गत. आयएसओ नाहीत, डिस्क नाहीत. आणि फ्लॅकमध्ये एकदा कापलेला माथा परत उगवत नाही.

शिवाय पुसलेल्या त्या आयएसओंमध्येच मल्टिचॅनल, म्हणजे पाच-सहा स्पीकरांसाठीचा ट्रॅकही होता. तेव्हा माझ्याकडे दोनच स्पीकर होते म्हणून मी तिकडे बघितलं नाही. आज पाच आहेत.

अकरा डिस्क मी पुन्हा विकत घेतल्या, काही पहिल्या किमतीच्या तिप्पट देऊन. त्यांचं पार्सल एका सरकारी कार्यालयात तीन आठवडे पडून होतं. कुठलं ते लिहीत नाही. 'ही सॉफ्टवेअरची सीडी आहे का', 'गाणी आहेत तर एवढी किंमत कशी', 'कंपनीचं माहितीपत्रक आणा'. माहितीपत्रक कशाचं आणायचं ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. मी तीन खेपा घातल्या. डिस्क आल्या तेव्हा चार ओब्या फाटलेल्या आणि एका डिस्कवर बोटांचे ठसे. संगीताच्या वस्तूशी इतकं निर्दय कुणी वागू नये. जाऊ दे.

तर जागेचा हिशेब आधी करा. एसएसीडीची क्षमता ४.७ जीबी. तुमच्या साठ डिस्क काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी तीनशे जीबी होत नाहीत. त्यासाठी नवी हार्ड डिस्क घ्या, शक्य असेल तर दोन घ्या आणि एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. आपल्या छंदात लोक एका केबलला याहून जास्त पैसे देतात. आयएसओ हा मूळ दस्त. फ्लॅक आणि डीएसएफ (डीएसडीच्या सुट्या गाण्यांची फाइल) ही त्याची नक्कल, ती हवी तेव्हा हवी तशी पुन्हा काढता येते.

रूपांतर करताना अख्खी डिस्क सलग घ्या, गाणी नंतर तोडा. एकेक गाणं सुटं बदललं तर जोडावर 'टक्' असा आवाज येऊ शकतो, आणि सलग वाहणाऱ्या अल्बममध्ये तो फार बोचतो. आधी काहीही न चढवता ३२ बिट फ्लोटमध्ये काढा, पूर्ण डिस्कमधलं सगळ्यात उंच शिखर बघा, आणि त्याला बसेल एवढाच गेन (पातळीची वाढ) सगळ्या गाण्यांना सारखा लावा. कुठे ५ बसेल, कुठे ३ सुद्धा बसणार नाही. ८८.२ पुरे, असं माझं मत. डीएसडीच्या २.८२२४ मेगाहर्ट्झला ३२ ने भागलं की बरोबर तेच येतं. १७६.४ ठेवून बहुतेक वेळा हाती लागतो तो डीएसडीचा वरच्या पट्ट्यात ढकललेला गोंगाटच. यावर वाद घालणारे आहेत, त्यांनी १७६.४ ठेवावं.

आता तुलना. सीडी लेयर आणि एसएसीडी लेयर यांची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवल्याशिवाय कुठलंही मत बनवू नका, मनातल्या मनातही नाही. मग फूबार या प्लेअर प्रोग्रॅममधली एबीएक्स चाचणी, म्हणजे कुठली फाइल वाजतेय ते न सांगता ओळखायला लावणारी, १६ फेऱ्या. १२ बरोबर आल्या तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत. पण फरक सापडला तरी तो फॉरमॅटचाच असेल असं नाही. पिंक फ्लॉइडच्या डार्क साइड ऑफ द मूनची २००३ ची हायब्रिड (सीडी आणि एसएसीडी दोन्ही लेयर असलेली) डिस्क घ्या. तिचा सीडी लेयर स्टिरिओ एसएसीडी लेयरपेक्षा जास्त दाबून, म्हणजे हळू-मोठ्या आवाजातला फरक कमी करून, मास्टर केलेला (विक्रीसाठी अंतिम रूप दिलेला) आहे. तो फरक मला पातळी जुळवूनही दर वेळी ओळखता येतो. मग मी त्याच एसएसीडी लेयरची १६/४४.१, म्हणजे सीडीच्या दर्जाची, प्रत काढली, डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक गोंगाट) लावून, आणि तीच परत मूळच्या आकड्यांवर नेऊन मूळाशी लढवली. १६ पैकी ९. म्हणजे काहीच नाही. माझं वय ५४, कानांना १२-१३ किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही, तेव्हा तुमचा आकडा वेगळा येऊ शकेल. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी साधारण असंच केलं होतं, आणि ५५४ फेऱ्यांत २७६ बरोबर आल्या. २०१६ च्या राइस यांच्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात ५२.३ टक्के बरोबर आल्या. यावरून काय समजायचं ते तुम्ही ठरवा. माझ्यापुरतं सांगतो, मी एसएसीडी घेतो ती मास्टरिंगसाठी, आणि त्यासाठी आजही पैसे मोजतो.

माइल्स डेव्हिसच्या काइंड ऑफ ब्लूने मला हे सगळ्यात नीट शिकवलं. १९५९ च्या पहिल्या सत्रात मुख्य टेप मशीन हळू चाललं होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी अनेक वर्षं चढ्या सुरात विकली गेली. १९९२ पासूनच्या आवृत्त्यांत दुरुस्ती सुरू झाली. माझ्याकडे काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेली जुनी सीडी होती. फरक तेवढा उरावा म्हणून मी ती संगणकावर एसएसीडीतून वजा करायला बसलो, तर दोन्ही दहा सेकंदसुद्धा जुळून राहीनात. दोन रात्री मी ड्राइव्हला दोष दिला. शेवटी आईची पेटी काढली. त्यातलं पहिलं गाणं सो व्हॉट पांढरी दोनवर बसतं. एसएसीडी लावली, पेटीत मिसळून गेली. जुनी सीडी लावली, सूर चढा, दोन सुरांमध्ये ती कंपनं स्पष्ट. कुठल्याही आलेखाआधी आवृत्ती कुठली आहे ते बघायचं, हे त्या दिवशी अंगात मुरलं.

एक राहिलं. सीडीसाठी जसं अ‍ॅक्युरेटरिप (आपली रिप इतरांच्या रिपशी ताडून बघणारी सोय) आहे तसा एसएसीडीला पडताळा नाही. म्हणून प्रत्येक डिस्क दोनदा रिप करा आणि दोन्ही आयएसओंचा एमडी५ (फाइलचा ठसा म्हणता येईल असा आकडा) जुळतो का बघा. प्लेस्टेशनवरून एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर घेतली असेल तर ४ जीबीला फाइल तुटते. ते तुकडे नीट जोडले गेलेत ना, हेही यातच कळेल. तुमच्या साठांत काही जपानी एसएचएम-एसएसीडी (खास प्लास्टिकच्या) असतील तर त्या सिंगल लेयरच्या असतात. त्यांना सीडी लेयरच नसतो, साध्या ड्राइव्हमध्ये त्यांतून काहीही वाचता येत नाही. पडताळणी त्यांच्यापासून सुरू करा, आणि निदान तेवढ्या तरी विकू नका.