मांडीवरचे खळगे आणि जाऊबाईंची बाटली

'मॅडम, हर्बल आहे म्हणजे साइड इफेक्ट नसणारच ना?' आहार समुपदेशनाच्या माझ्या कामात हा प्रश्न सतत येतो. बाटली केसांची असो, गुडघ्यांची असो की शुगरची, प्रश्न तोच. मध्यंतरी तो मांड्यांवरच्या सेल्युलाइटच्या, म्हणजे कातडीवर दिसणाऱ्या खळग्यांच्या, निमित्ताने आला आणि येताना सोबत बरंच काही घेऊन आला, म्हणून ही हकीकत लिहिते. तिला मेघना म्हणू या. नाव खरं नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

मेघना पस्तिशीची, इंदिरानगरला राहणारी, बँकेत नोकरी. वजन उंचीच्या मानाने ठीक. थायरॉइडची गोळी चालू. समोर बसली, पर्समधून हिरव्या झाकणाची बाटली काढली आणि म्हणाली, 'ही निम्मी झाली. फरक काहीच नाही. घरात अजून दोन आहेत. घेत राहू की नको?'

बाटली दिली होती मोठ्या जाऊबाईंनी. त्यांनी एका कंपनीची एजन्सी घेतलेली, महिन्याचे पॉइंट्स पुरे करायचे असतात. सगळं कुटुंब इगतपुरीच्या रिसॉर्टवर गेलेलं असताना पाण्यात उतरता उतरता त्याच म्हणाल्या होत्या, 'अगं, तू एवढी बारीक, मग मांड्या अशा संत्र्याच्या सालीसारख्या कशा गं?' पुढच्याच आठवड्यात बाटली घरी आली. आधी दाखवलं, मग विकलं. असल्या मालाची विक्री बहुतेक अशीच होते, जाऊबाई त्यातल्या त्यात प्रेमळ.

मी आधी लेबल वाचायला घेतलं. पुढच्या बाजूला सडपातळ पायांचं चित्र. मागे बारीक अक्षरांत घटक: मंडूकपर्णी, गिंको, मेलिलोट, द्राक्षाच्या बियांचा अर्क, समुद्री शैवाल, ग्रीन टीचा अर्क. सगळ्यांचं मिळून एकच वजन दिलेलं, कोणाचं किती याचा पत्ता नाही. (द्राक्षाच्या बिया, आणि त्याही नाशिककरणीला, अडीच हजारांच्या बाटलीत! आम्ही दोघीही हसलो.) त्याखाली १४ आकडी फूड लायसन्स नंबर आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' हे वाक्य. २०१६च्या नियमांनुसार पूरक आहारावर ते छापावंच लागतं. मेघनाला वाटत होतं, नंबर आहे म्हणजे सरकारने गोळी तपासलीय. तसं नसतं. नंबरावरून एवढंच कळतं की खाद्यपदार्थ बनवायचा किंवा विकायचा परवाना कंपनीकडे आहे. गोळीने खळगे जातात, असं त्या नंबरात कुठेच लिहिलेलं नसतं. आणि हे आयुर्वेदिक औषधही नव्हे. त्याचा परवाना वेगळा, १९४०च्या औषध कायद्याखालचा.

मग मी तिला कागदावर त्वचेचा उभा छेद काढून दाखवला. वर कातडी, खाली चरबीचे कप्पे, आणि कातडीला खालच्या थराशी बांधणारे तंतूंचे पट्टे. टाके घातलेली कापसाची गादी आठवा: टाका खाली ओढतो, मधला कापूस वर फुगतो. बायकांमध्ये हे पट्टे बरेचसे उभे असतात, पुरुषांमध्ये तिरपे, जाळीसारखे, म्हणून त्यांच्या मांड्यांवर हे क्वचितच दिसतं. त्यात इस्ट्रोजेन हे बायकांमधलं संप्रेरक, आनुवंशिकता आणि वयानुसार पातळ होणारी कातडी. वयात आलेल्या बायकांपैकी ८० ते ९० टक्क्यांना हे कमीजास्त असतंच, बारीक बायकांनाही. हा आजार नाही. 'साठलेलं विष' तर अजिबात नाही. जाऊबाईंच्या माहितीपत्रकात तसं छापलेलं होतं, तरीही.

आता पोटात गेलेली कॅप्सूल या उभ्या पट्ट्यांपर्यंत पोहोचून ते सैल करणार कशी? याचं उत्तर कोणत्याच बाटलीवर नसतं. जवळपास अशाच घटकांची सेलासीन नावाची गोळी १९९९मध्ये अमेरिकेत गाजावाजा करून आली होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने पुढच्याच वर्षी कंपनीला कोर्टात खेचलं, दाव्यांना आधार नाही म्हणून. २००३मध्ये कंपनीने १ कोटी २० लाख डॉलरपर्यंतची रक्कम ग्राहकांच्या परताव्यासाठी द्यायचं मान्य केलं. गोळीचं सोडा, थेट त्या पट्ट्यांवर काम करणाऱ्या क्वो या इंजेक्शनला २०२०मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि २०२२च्या अखेरीस काळेनिळे डाग आणि त्वचेचा रंग बदलण्याच्या तक्रारींमुळे कंपनीनेच ते बंद करायचं ठरवलं.

इथवर मेघना शांत होती. मी विचारलं, 'कॅप्सूल कधी घेता?' म्हणाली, 'सकाळी अनशापोटी, थायरॉइडच्या गोळीबरोबरच. एकदाच पाणी प्यायचं ना.'

इथे मी पेन खाली ठेवलं. थायरॉक्सिन, म्हणजे तिची थायरॉइडची गोळी, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचं, आणि नंतर निदान अर्धा ते एक तास काही नाही. त्यात समुद्री शैवालात आयोडीन भरपूर असू शकतं, आणि थायरॉइडचा त्रास असलेल्याने ते डॉक्टरांना न विचारता घेणं धोक्याचं. बाकीचेही साधुसंत नाहीत. गिंकोमुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मेलिलोटमधल्या कूमरिन या द्रव्याचा आणि ग्रीन टीच्या तीव्र अर्काचा काहींच्या यकृताला त्रास झाल्याची नोंद आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८मध्ये सांगितलं की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीमधला मुख्य घटक) पोटात जाणं यकृताच्या दृष्टीने चिंतेचं आहे. कपभर चहा आणि कॅप्सूलमधला अर्क यांत हा फरक आहे. कॅप्सूल बंद करा, बाटली घेऊन डॉक्टरांना भेटा आणि टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, असं मी तिला लिहून दिलं.

'बंद करीन हो,' ती म्हणाली, 'पण ताईंना काय सांगू?'

पुढची भेट जवळजवळ सगळी यावरच गेली. नणंदेला नाही म्हणता येतं, मैत्रिणीला म्हणता येतं, पण मोठी जाऊ गणपतीत शेजारी बसून मोदक वळणार असते. मेघनाची तयारी इंटरनेटवरचे लेख पाठवायची होती. मी म्हटलं, तसलं काही करू नका. वाद गोळीवर गेला की तो जाऊबाईंच्या धंद्यावर जातो आणि मग माघार कोणीच घेत नाही. एकच वाक्य ठरवलं: 'ताई, थायरॉइडच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय, उरलेल्या दोन परत घ्याल का?' डॉक्टरांनी तोवर तसं सांगितलंही होतं, त्यामुळे खोटं बोलायची वेळ आली नाही. जाऊबाई फुगल्या. एक बाटली परत घेतली, दुसरीचे पैसे मेघनाने सोडून दिले. मला तो सौदा स्वस्त वाटला.

आणखी एक गोष्ट तिने जाता जाता सांगितली. इगतपुरीहून आल्यापासून तिने त्र्यंबक रोडवरच्या सावरकर तलावावर जाणं सोडलं होतं. पोहणं हा तिचा रोजचा एकमेव व्यायाम! त्याऐवजी कॅप्सूल. खरं तर मांड्यांचे स्नायू कमावले की वरची कातडी थोडी घट्ट दिसते, घरच्या उपायांत मला एवढाच प्रामाणिक वाटतो, आणि तोही खळगे पुसून टाकत नाही. भराभर वजन उतरवलं तर कातडी सैल पडून ते उलट जास्त दिसू शकतात. तिला मी गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घ्यायला सुचवलं. काही जणींना हे पळपुटेपणाचं वाटेल, पण पाण्यात उतरणं महत्त्वाचं. ती बायकांच्या बॅचला परत जाऊ लागली. आठवड्यातून दोनदा पांडवलेणीच्या पायऱ्याही चढते. खळगे आहेत तिथेच आहेत.

कोणी अशी बाटली आधीच सुरू केली असेल तर ती फेकू नका, लेबलासकट डॉक्टरांना दाखवा. डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज, अन्नावरची वासना जाणं, यांपैकी काही असेल तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद आणि यकृताची रक्ततपासणी लगेच. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर सुरूच करू नका.