वाचकांचे प्रश्न : डब्यावरची बारीक अक्षरे

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. टीव्हीवरच्या जाहिरातीतली, उंची वाढवणारी म्हणून दाखवतात ती पूड घातल्याशिवाय तो दुधाला तोंड लावत नाही. महिन्याला दोन डबे संपतात. मी एकदा नकार दिला, तेव्हा 'मग मी बुटकाच राहणार का?' असे विचारून तो रडू लागला. माझ्या पोटात कालवले आणि मी संध्याकाळीच डबा आणला. टीव्ही बंदच करून टाकावा का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मुलाचा तो प्रश्न त्याचा स्वतःचा नाही, बुटके राहण्याची भीती जाहिरातीने त्याच्या मनात घातली आणि त्याच्या तोंडून ती आपल्यापर्यंत पोहोचवली. जाहिरात बोलते मुलाशी, पण तिचा रोख असतो आईवर, कारण पैसे आईच्या हातात असतात आणि आपण मुलासाठी कमी पडतो की काय, ही धास्तीही तिच्याच मनात असते. म्हणून आपण डबा आणलात याचा अपराध मानू नका.

आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागचा विकण्याचा हेतू उमगत नाही आणि ती सांगेल ते मुले खरे मानतात, असा निष्कर्ष अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये मांडला होता. स्वीडनमध्ये बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करण्यास १९९१ पासून बंदी आहे. आपल्याकडे सरसकट बंदी नाही. मात्र ९ जून २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलांची बुद्धी किंवा शारीरिक क्षमता वाढवण्याचा दावा पुराव्याशिवाय करता येत नाही, आणि चिप्स व शीतपेयांसारख्या पदार्थांच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांत दाखवता येत नाहीत.

टीव्ही बंद करण्याचा उपाय मला पटत नाही. तीच जाहिरात शेजारच्या घरी दिसते आणि मोबाइलवरही दिसते. त्यापेक्षा जाहिरात लागली की आवाज बंद करा आणि 'हे लोक आपल्याला काय घ्यायला सांगतात?' असे त्याला विचारा. गाणे थांबल्यावर उरते ते नुसते चित्र, आणि त्याकडे मूल जरा निवांत पाहू शकते.

मग एका दुपारी दोघे मिळून डबा हातात घ्या. मुलगा दुसरीत आहे, त्याला आकडे वाचता येतात. घटकांची यादी जास्त वजनाच्या घटकापासून कमी वजनाच्या घटकाकडे लिहिलेली असते, त्यामुळे साखर कितव्या क्रमांकावर आहे ते त्यालाच शोधू द्या. समजा १०० ग्रॅममागे ३० ग्रॅम साखर लिहिली असेल, तर २० ग्रॅमच्या एका मापात ६ ग्रॅम, म्हणजे चहाचा सुमारे दीड चमचा साखर झाली. तेवढी साखर खरोखरच बशीत काढून त्याच्यासमोर ठेवा. 'जाहिराती खोट्या असतात' हे दहा वेळा सांगण्यापेक्षा ती बशी त्याच्या ध्यानात राहील.

पूड एकदम तोडू नका; दोन चमच्यांवरून दीड, मग एक, असे महिनाभरात कमी करा आणि दुधात खारकेची पूड घालून पाहा. खारकेने उंची वाढते असे मात्र त्याला सांगू नका, नाहीतर जाहिरातीने जे केले तेच आपणही करू. उंची मुख्यतः आईवडिलांकडून येते, आणि पोटभर चौरस आहार, झोप व निरोगीपण यांनी ती पूर्णत्वाला जाते. दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलने खूण करत जा. आपण वाढतो आहोत हे त्याला तिथे दिसेल. वाढ खरोखरच थांबल्यासारखी वाटली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : माझ्या ७२ वर्षांच्या वडिलांनी टीव्हीवरील जाहिरात पाहून 'मधुमेह मुळापासून बरा करणारे' चूर्ण फोनवरून मागवले आणि नेहमीच्या गोळ्या बंद केल्या. ते शिकलेले आहेत, तरी फसले कसे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी आजच्या आज त्यांची साखर तपासून डॉक्टरांना भेटा आणि गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते विचारा, बाकीचे सगळे त्यानंतर. शिक्षणाने जाहिरात ओळखता येते, पण वर्षानुवर्षांच्या पथ्याला कंटाळलेल्या माणसाला 'मुळापासून' हा शब्द ऐकायचाच असतो, आणि जाहिरात करणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. त्यांना चारचौघांत बोल लावू नका, कारण मग पुढच्या वेळी ते लपवून मागवतील. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मनाई आहे. चूर्णाचा डबा, पावती आणि शक्य असल्यास जाहिरातीचे चित्रण जपून ठेवा, वाहिनीचे नाव आणि वेळ लिहून ठेवा, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती नोंदवताना वडिलांना शेजारी बसवून घ्या आणि घडलेली हकीकत त्यांनाच सांगू द्या.