पाइप ओढताना फार तापतो, जीभ भाजते. तंबाखू ओली असल्यामुळं असं होतं का?

होय, तुम्ही सांगता त्यावरून तरी तसंच वाटतं. नवा ब्रायरच्या लाकडाचा पाइप, पाकिटातली तंबाखू तशीच भरता, अर्ध्यावर आलं की वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा भाग, हातात धरवत नाही. पाइपला बोल लावू नका.

ओलीनं उलट गार राहायला पाहिजे, असं मलाही वाटायचं. मी शिरोलीला फौंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला, २२ वर्षं काढली, तरी हे डोक्यात यायला वेळ लागला. साच्याच्या वाळूत पाणी लागतं ३-४ टक्के. जास्त झालं की लोखंड ओतताच वाफ होते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लो होल, वाफेची भोकं, पडतात. कमी झालं तर साचाच ढासळतो. तंबाखूचंही तेच, आकडे तेवढे वेगळे. पाकिटातून निघते तेव्हा बऱ्याचदा १८-२० टक्के ओल असते, ओढायला १२-१४ बरी.

ओली तंबाखू धड पेटत नाही. विझू नये म्हणून आपण जोरात ओढतो, परत काडी लावतो, अजून जोरात ओढतो. म्हणजे भट्टीला ब्लोअर लावला. निखारा लाल होतो, धग लाकडात उतरते, आणि पाण्याची वाफ नळीतून थेट जिभेवर. वाफेचा चटका काय असतो, हे कुकर उघडताना हात भाजलेल्याला विचारा. नळीत गुडगुड होत असेल तर ते तेच पाणी.

आमच्याकडं वाळू तपासायला मीटर होता, पण जुने मोल्डर नुसती मूठ वळून सांगायचे. तंबाखूची चिमूट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली. सावकाश फुलून मोकळी झाली की भरा. कुरकुरून चुरा झाली तर फार कोरडी, आणि तीही भराभर जळून तापतेच.

आता आपल्या कोल्हापूरची अडचण. कागदावर पसरून अर्धा तास ठेवा, असं सगळे सांगतात. एप्रिलात इथं पंधरा मिनिटं पुरतात. पण जुलैत, गुळाची ढेप पाझरायला लागते तेव्हा, पसरलेली तंबाखू तासाभरानंही तशीच. मी तवा मिनिटभर तापवून गॅस बंद करतो, हाताला सोसेल इतका निवला की त्यावर कागद आणि कागदावर एका वेळेपुरती तंबाखू, दोन-तीन ग्रॅम. पाच मिनिटं बास. भाकरीला वास लागतो म्हणून यावरून घरात भांडण झालं. आता माझा तवा वेगळा, बिडाचा, काठाचा टवका उडालेला.

उरलेली घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. लोणच्याची बरणी नको, कितीही घासली तरी झाकणाचा वास जात नाही. उन्हाळ्यात वाळलीच तर कौलाचा तुकडा भिजवून, पुसून, तंबाखूला न टेकवता रात्रभर आत ठेवायचा. पाणी शिंपडलं की बुरशी आलीच, आणि बुरशीची बरणी टाकूनच द्यावी लागते.

भरताना खाली सैल, वर जरा दाबून. पहिली काडी वरचा थर काळा करण्यापुरती. तो फुगून वर येतो, हलकेच दाबायचा, मग दुसरी काडी.

खरं अवघड आहे ते सावकाश ओढणं. मी मूळचा बिडीवाला. बिडी जरा विसरली की विझते, म्हणून भराभर ओढायची सवय. त्या सवयीनं माझ्या पहिल्या पाइपची वाटी दुसऱ्याच पावसाळ्यात आतून कोळसा होऊन भोक पडलं, आणि मी दुकानदाराशी भांडून आलो. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. नव्या पाइपचं लाकूड आतून उघडं असतं. काजळीचा एक-दीड मिलिमीटर थर जमेपर्यंत तर फारच जपायचं. मधूनमधून वाटी गालाला लावा. टेकवून ठेवता आली नाही तर पाइप खाली ठेवा, विझला तर विझू दे. एकदा ओढला की दिवसभर विश्रांती, पावसाळ्यात दोन दिवस, लाकूडही ओल पितं.

जिभेचं म्हणाल तर नुसता चटका दोन-चार दिवसांत जातो. पांढरा चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर ओल-बिल विसरा आणि डॉक्टरला दाखवा. धूर छातीत घेत नाही म्हणून पाइप चालतो, असं सांगणारे भेटतील. तोंडाचा कॅन्सर पाइपनंही होतो.

निपाणी जवळ आहे म्हणून तिथली बिडीची तंबाखू पाइपात भरू नका. मी भरली होती. अर्धी वाटी संपायच्या आत चक्कर येऊन भिंत धरून खाली बसलो.

तुमची तंबाखू साधी की सुगंधी, ते लिहिलं नाहीत. सुगंधी असेल तर ती पाकात मुरवलेली असते, कितीही वाळवली तरी बोटाला चिकटच लागते. तिथं चिमूट दाबून बघण्यावर जाऊ नका, घड्याळ बघा. तव्यावर दहा मिनिटं.