शाहिरावर चित्रपट लिहिणाऱ्या तरुण मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गिरणगावातल्या शाहिरावरच्या तुझ्या पटकथेचा पहिला खर्डा मन लावून वाचला. त्यातली तळमळ खरी आहे आणि तुझ्या संवादांत माणसे बोलतात तशीच बोलतात, हे आधी सांगतो. परंतु सबंध खर्ड्यात शाहीर मोठा होत जातो आणि त्याच्या भोवतीची टंचाई रंगवलेल्या पडद्यासारखी मागे टांगलेली राहते. 1982 चा संप, बंद पडलेल्या गिरण्या, चाळीतले रिकामे डबे हे सगळे त्याच्या थोरवीला उठाव देण्यापुरते येते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. कठीण काळ माणसांना कसा पिळतो, पैसा कुठे अडतो, मजुरी कशी घसरते हे प्रेक्षकाला आधी कळले पाहिजे. मग गाणे का जन्मले हे निराळे समजावून द्यावे लागत नाही.

यासाठी तू 1976 सालचा ‘बाउंड फॉर ग्लोरी’ हा अमेरिकी चित्रपट अभ्यासावास असे मला वाटते. हॅल अ‍ॅशबी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट लोकगायक वुडी गथ्री यांच्या 1943 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनावर आधारलेला असून त्यात डेव्हिड कॅरडीन यांनी गथ्रींची भूमिका केली आहे आणि गाणीही स्वतःच गायली आहेत. छायाचित्रण आणि रूपांतरित संगीत यांसाठी त्याला ऑस्कर मिळाले, पण मी तो सुचवतो आहे तो त्या पुरस्कारांमुळे नव्हे.

पहिली गोष्ट निवडीची. गथ्रींचा जन्म 1912 मध्ये ओक्लाहोमातील ओकीमा या गावी झाला. त्यांची थोरली बहीण लहानपणीच भाजून गेली. आईला हंटिंग्टन रोग जडला, तिला मनोरुग्णालयात ठेवावे लागले आणि 1930 मध्ये तिचा तिथेच अंत झाला. पुढे त्याच आनुवंशिक रोगाने गथ्रींचे हातपाय आणि वाचा हिरावून घेतली आणि दीर्घ इस्पितळवासानंतर 1967 मध्ये ते गेले. कोणत्याही पटकथाकाराला मोह पडावा असे हे आयुष्य आहे. तरीही अ‍ॅशबींनी बालपण आणि अखेर दोन्ही बाजूला ठेवली आणि टेक्सासमधल्या पॅम्पा गावातून कॅलिफोर्नियाकडे झालेली वाटचाल आणि तिथली मोजकी वर्षे एवढाच काळ घेतला. तू मात्र जन्मापासून अंत्ययात्रेपर्यंत सगळे घेतले आहेस, त्यामुळे कुठेच थांबायला तुला वेळ मिळत नाही. तुझ्या शाहिराच्या आयुष्यातली ज्या तीन-चार वर्षांत त्याचे गाणे बदलले ती वर्षे शोध आणि बाकीचे सोडून देण्याचे धैर्य ठेव.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. महामंदीत, 1933 च्या सुमारास, अमेरिकेत कामकऱ्यांपैकी साधारण चौथा माणूस बेकार होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला बुशेलमागे (बुशेल हे धान्याचे अमेरिकी माप) दोन डॉलरच्या आसपास भाव मिळाला, तेव्हा दक्षिणेकडच्या मैदानातली कुरणे नांगरून लोकांनी गहू पेरला. पुढे भाव कोसळला, 1931 पासून पाऊस दगा देऊ लागला आणि गवताची मुळे नसलेली माती वाऱ्याबरोबर उडाली. 14 एप्रिल 1935 च्या रविवारी आलेले धुळीचे काळे वादळ गथ्रींनी पॅम्पात स्वतः अनुभवले. पण गाव सोडून गेलेले सगळेच धुळीने हाकललेले नव्हते. ओक्लाहोमा आणि आर्कान्सातून निघालेल्यांपैकी पुष्कळसे कापूस पिकवणारी कुळे होती. पीक कमी घेण्यासाठी 1933 पासून सरकार जमीनमालकांना पैसे देऊ लागले, मालकांनी त्या पैशातून ट्रॅक्टर घेतले आणि कुळांना काढून टाकले. म्हणजे दुष्काळ निसर्गाचा असला तरी घर सोडायला लावणारा हात बहुधा माणसाचाच होता. तुझ्या खर्ड्यात गिरण्या ‘काळाच्या ओघात’ बंद पडतात, तेव्हा मला हाच फरक आठवतो. काळाच्या ओघात काहीही बंद पडत नाही. कोणीतरी निर्णय घेतो, कोणालातरी त्यातून फायदा होतो, आणि शाहिराला ते ठाऊक असते.

कॅलिफोर्नियात पोहोचल्यावर जे घडते ते या चित्रपटाचे सर्वांत मोलाचे अंग आहे. फळे तोडायला माणसे हवीत अशी पत्रके वाटली जात. जेवढे हात लागत त्याहून कितीतरी अधिक माणसे येत आणि त्या गर्दीच्या जोरावर पेटीमागचा दर खाली येई. उपाशी माणूस पडेल त्या दराला तयार होतो, आणि त्याच्या तयारीमुळे शेजारच्याचाही दर पडतो. 1936 मध्ये तर लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर जाऊन खिशात पैसे नसलेल्यांना परत पाठवले होते. खिसा रिकामा असेल तर इकडे येऊ नका, असे बजावणारे गथ्रींचे गाणे त्याच अनुभवातून आले. शिवाय 1935 च्या कामगार कायद्याने संघटना करण्याचा जो हक्क दिला त्यातून शेतमजूर वगळलेले होते. छावणीत गिटार घेऊन संघटनेची गाणी म्हणणाऱ्यावर गुंड का तुटून पडतात, हे एवढे ठाऊक असले की लगेच उमगते. त्या मारहाणीत खलनायकाच्या क्रौर्याचा भाग थोडा आहे. पेटीमागचे काही सेंट वाचवण्याचा हिशेब मोठा आहे.

तुझ्या पटकथेत असा हिशेब मला हवा आहे. बदली कामगाराला, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तेव्हाच काम मिळणाऱ्याला, महिन्यात किती पाळ्या मिळत, खाणावळवाल्या बाईचे किती गडी संपानंतर कोकणात आणि साताऱ्याकडे निघून गेले आणि तिची चूल कशावर चालली, सावकाराचे व्याज कोण भरत होते, शाहिराला एका कार्यक्रमाचे काय मिळे आणि त्यातले ढोलकीवाल्याला किती जाई, हे सगळे विचारून घे. ज्यांनी ते दिवस काढले त्यांतले अनेकजण अजून आहेत आणि दादर-लालबागच्या चाळींत भेटतील. हे आकडे संवादांत घालू नकोस, पण प्रत्येक प्रसंग लिहिताना तुझ्यापाशी असू देत.

छायाचित्रणाविषयी एकच सांगतो. गॅरेट ब्राऊन यांनी शोधलेले स्टेडिकॅम हे, अंगावर बांधून चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारे, उपकरण कथाचित्रपटासाठी पहिल्यांदा याच चित्रपटाच्या चित्रीकरणात वापरले गेले. ब्राऊन कॅमेरा घेऊन क्रेनवरून खाली उतरतात आणि तसेच चालत, मजुरांच्या छावणीतल्या शेकडो माणसांमधून, गथ्रींच्या मागोमाग जातात. या सबंध चालीत आपण जेवढे नायकाला पाहतो तेवढेच तंबू, भांडी, पोरे आणि थकलेले चेहरे पाहतो. नवे यंत्र हाती आलेले असताना ते नायकाच्या गौरवासाठी न वापरता गर्दीत उतरण्यासाठी वापरले, याबद्दल मला अ‍ॅशबी आणि छायाचित्रकार हॅस्केल वेक्सलर या दोघांविषयी नितांत आदर वाटतो. तुझ्या शाहिराच्या पहिल्या सभेचा प्रसंग व्यासपीठावरून लिहिलेला आहे. तो सभेत मागे उभ्या असलेल्या माणसाच्या जागेवरून पुन्हा लिही.

गाण्यांच्या बाबतीतही असेच. या चित्रपटात गाणी बहुधा तुकड्यातुकड्यांनी, कामाच्या आणि प्रवासाच्या मध्ये येतात. गथ्रींच्या चालीही पुष्कळदा उसन्या, भजनांच्या आणि लोकांच्या तोंडी असलेल्या जुन्या गाण्यांच्या असत, कारण चाल ओळखीची असली की शब्द लगेच उचलले जातात. आपल्या शाहिरांनीही पोवाड्याच्या, लावणीच्या, भजनाच्या रुळलेल्या चालींत नवे शब्द बसवले ते याच कारणाने. म्हणून कवीला एकांतात अचानक ओळ सुचते असे दृश्य काढून टाक. त्याऐवजी तो जुनी चाल गुणगुणतो आहे, शेजारी बसलेला गडी त्यातला एक शब्द दुरुस्त करतो आहे, असे दाखव. आणि गाणे हीदेखील मजुरीच आहे हे विसरू नकोस. 1941 मध्ये कोलंबिया नदीवरच्या धरणांसाठी सरकारी वीजखात्याने गथ्रींना महिनाभर कामावर घेतले, तेव्हा त्या महिन्यात त्यांनी 26 गाणी लिहिली आणि त्यांना 266 डॉलर 66 सेंट मिळाले. हा प्रसंग चित्रपटाच्या कक्षेबाहेरचा आहे, पण कलावंताचे पोट कशावर चालते हे सांगणारा याहून नेमका तपशील मला ठाऊक नाही.

या चित्रपटात मला खटकणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्याही तू पाहाव्यास. गथ्री 1939 मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात नियमित सदर लिहीत होते. चित्रपट त्या विचारांना नाव न देता त्यांचे रूपांतर एका सर्वसाधारण चांगुलपणात करतो. रेडिओवर प्रायोजकांना न रुचणारी गाणी गाऊ नयेत म्हणून येणारा दबाव त्याने चांगला रंगवला आहे, पण त्या दबावामागचे राजकारण पुसट ठेवले आहे. ज्याने त्यांना संघटनेकडे वळवले तो ओझार्क ब्यूल हा गायक कल्पित आहे, अनेक माणसांना एकत्र करून घडवलेला. कल्पित पात्र घेणे गैर नाही. मात्र त्यामुळे कोणाची खरी नावे झाकली जातात याचा विचार लेखकाने केला पाहिजे. तुझ्या शाहिराच्या पक्षाचे नाव तू कुठेही घेतलेले नाहीस. ते घे. त्याने पक्षाशी भांडण केले असेल तर तेही घे.

त्याहून महत्त्वाची बाब पत्नीची आहे. गथ्री एक चिठ्ठी ठेवून घर सोडतात आणि मागे मेरी मुलांसह राहते. मेलिंडा डिलन या अभिनेत्रीने मेरीचे आणि रेडिओवरच्या गायिका-सहकारिणीचे, अशी दोन्ही कामे केली आहेत, आणि दोन्ही बायकांना एकच चेहरा दिल्यामुळे त्यांचे वेगळेपण हरवते असे माझे मत आहे. तरी मेरीचा राग मात्र चित्रपट दडवत नाही. जो माणूस हजारोंच्या भाकरीविषयी गातो त्याच्या स्वतःच्या घरात भाकरी कोण आणत होते, हा प्रश्न तिथे उघडपणे विचारला जातो. तुझ्या खर्ड्यात शाहिराची पत्नी फक्त ओवाळते आणि वाट पाहते. तिला काम दे, तिच्या हाती घरखर्चाची वही दे, आणि तिला रागावू दे.

शेवटी व्यवहाराचे. या चित्रपटाच्या निर्मात्यांपैकी हॅरॉल्ड लेव्हेन्थल हे गथ्रींचे व्यवस्थापक होते. त्यामुळे गाणी सहज मिळाली असतील, पण नायकाला जपून घेण्याची वृत्तीही तिथूनच आली असावी असा मला संशय आहे. आपल्याकडे गीतावरचा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क निराळा असतो. तुझ्या शाहिराची गाणी अजून त्या मुदतीत आहेत, तेव्हा वारसांची परवानगी आधी घे, त्यांना योग्य मानधन ठरवून दे आणि सगळे लेखी करून घे. त्याच करारात पटकथेवरचा अंतिम निर्णय तुझा राहील असे कलम नक्की घाल, आणि ते कलम कुटुंबीयांना समोर बसून, समजावून, वाचून दाखव. त्यांच्याकडची जुनी पत्रे, कार्यक्रमांच्या पावत्या आणि वह्या पाहायला मिळाल्या तर पुढचा खर्डा लिहिण्याआधी त्या पाहा आणि मग मला पाठव.

तुझा हितचिंतक